व्हिस्कीवाल्या मेव्हण्यांसाठी कॉकटेल

द्राक्षांच्या नाशकात पाहुण्याला वाइन पाजण्याची रीत असली, तरी आमचे मेव्हणे व्हिस्कीत पाण्याखेरीज काही घालू न देणारे. त्यामुळे गंगापूर रस्त्यावरील एका बारमध्ये त्यांच्यासाठी कॉकटेल निवडताना मी जरा धास्तावलोच होतो. वेटरने सुचवलेल्या व्हिस्की सावरमध्ये लिंबू ताजे नव्हते आणि साखरेच्या पाकाखाली व्हिस्की पार दबून गेली होती. "सरबत छान आहे," एवढेच म्हणून मेव्हण्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला.

मग ओल्ड फॅशन्ड मागवले. ६० मिली बर्बन, म्हणजे मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, थोडी साखर, अँगोस्टुरा बिटर्स या कडवट, सुगंधी अर्काचे दोन-तीन शिंतोडे आणि बर्फाचा एकच मोठा खडा, एवढाच हा मामला. १८०६ साली छापलेल्या कॉकटेलच्या व्याख्येतही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स हेच घटक आहेत. संत्र्याची साल ग्लासवर पिळताच तिच्या तेलाचा बारीक फवारा उडाला आणि मेव्हणे बोलता बोलता थांबले. बर्फ सावकाश वितळत गेला, तसे त्यांच्या सवयीचे पाणीही आपोआप मिळत गेले. मॅनहॅटन या व्हिस्कीच्याच दुसऱ्या कॉकटेलमध्ये गोड व्हर्मुथ, म्हणजे शेवटी वाइनच, असल्यामुळे ते मी सुचवलेच नाही. दर चढा वाटला, परंतु दुसरा ग्लास मेव्हण्यांनी स्वतःच मागवला.