डाय टाकून की बिनडायचं? हार्टचा एमआरआय-सीटी ठरवताना एआयवर किती विसंबायचं

मागे एक मावशी हार्टच्या एमआरआयला आल्या होत्या, हातात किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि टेबलवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाळा, ते डायचं इंजेक्शन नको हं मला, क्रिएटिनिन आधीच वाढलंय." सोबतच्या मुलाने मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं की आता एआयमुळे डाय लागतच नाही, मग तसंच करून द्या ना म्हणाला. असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते. मी टेक्निशियन आहे, ठरवायचं तुमच्या कार्डियोलॉजिस्टनीच, पण त्यांना काय विचारायचं ते तरी कळेल.

पहिलं म्हणजे डाय (स्कॅनमध्ये भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) दोन वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. सीटीत आयोडीनची जाते, एमआरआयमध्ये गॅडोलिनियमची. सीटी अँजिओ आपण करतो रक्तवाहिन्यांसाठी, ब्लॉकेज आहे का बघायला. एमआरआय मुख्यतः हार्टच्या स्नायूसाठी, कुठला भाग जिवंत आणि कुठे डाग पडलाय ते बघायला. त्यामुळे एआयने डाय वाचते का याचं उत्तरही दोन्हीकडे वेगळं आहे.

सीटीचं आधी संपवते. तिथे डाय कमी होते, बंद होत नाही. साधारण 50 ते 80 मिली डाय प्रेशर इंजेक्टरने जाते, अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं (झालेली नसते, घाबरू नका). आता मशीनचं व्होल्टेज 120 किलोव्होल्टवरून 100 किंवा 80 वर आणलं की आयोडीन जास्त उठून दिसतं, म्हणजे थोड्या डायमध्ये काम भागतं, पण इमेजवर दाणे येतात आणि ते दाणे साफ करायचं काम डीप लर्निंग (हजारो इमेज बघून शिकलेलं एआय) करतं. 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि मशीनना परवानगी देणारी सरकारी संस्था) जीई आणि कॅनन या दोन्ही मशीन कंपन्यांच्या अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, तेव्हा हे प्रयोगातलं राहिलेलं नाही, चांगल्या सेंटरला असू शकतं, विचारून बघा. पेशंट जाड असेल तर व्होल्टेज फार खाली नेता येत नाही आणि वाहिन्यांत कॅल्शियम खूप असेल तर कमी व्होल्टेजला ते आणखी फुगून दिसतं, एवढं लक्षात ठेवा. बाकी किडनी जरा नाजूक असेल आणि सीटी करायचाच असेल तर मी तरी असंच सेंटर शोधेन.

एमआरआयची गोष्ट मात्र जरा मोठी आहे.

नेहमीच्या पद्धतीत गॅडोलिनियम देऊन साधारण दहा मिनिटं थांबतो. निरोगी स्नायूतून ते धुऊन जातं, डाग पडलेल्या जागेत पेशींच्या मधली जागा वाढलेली असते म्हणून तिथे रेंगाळतं. मग मी मशीनवर वेळ अशी जुळवते की चांगला स्नायू काळाकुट्ट दिसावा, आणि त्या काळ्यात डाग पांढरा चमकतो. जुळवणी थोडी चुकली की सगळंच करडं होतं, म्हणून पेशंटला "श्वास सोडा, थांबा" पुन्हा पुन्हा करायला लावते.

बिनडायची जी पद्धत आहे तिचं मुख्य काम ऑक्सफर्डच्या टीमचं, नाव व्हर्च्युअल नेटिव्ह एनहान्समेंट. हार्टची हालचाल दाखवणारे सिने व्हिडिओ आणि टी1 मॅप (टी1 म्हणजे चुंबकात स्नायूचा सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, त्याचा रंगीत नकाशा), दोन्ही डायशिवाय मिळतात, ते एआयच्या नेटवर्कला द्यायचे आणि डाय दिल्यावर दिसली असती तशी इमेज ते बनवून देतं. हे हवेतून येत नाही, डागाचा टी1 मुळातच बदललेला असतो, फक्त डोळ्याला तो पुसट दिसतो, नेटवर्क तो डॉक्टरांना सवय आहे त्या रूपात आणतं.

2021 मध्ये 'सर्क्युलेशन' जर्नलमध्ये यांचा हायपरट्रॉफिक कार्डियोमायोपॅथीवरचा (हार्टचा स्नायू जाड होण्याचा आजार) अभ्यास आला, त्यात टेस्टच्या 345 डेटासेटमध्ये बिनडायच्या इमेजची क्वालिटी डायवाल्यापेक्षा चांगली ठरली. ऐकायला छान वाटतं, पण स्वच्छ दिसणारी इमेज म्हणजे बरोबर इमेज असं नसतं, हे आमच्या कामात रोज कळतं. म्हणून मला 2022 चा हार्ट अटॅकच्या डागांवरचा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात स्पेसिफिसिटी 100 टक्के आणि सेन्सिटिव्हिटी 77 टक्के. म्हणजे सॉफ्टवेअरने "डाग आहे" म्हटलं तिथे डाग होताच, एकदाही खोटं बोललं नाही. पण डाग असलेल्या शंभर स्लाइसपैकी (स्लाइस म्हणजे हार्टच्या एकेका कापाची इमेज) तेवीस स्लाइसमध्ये त्याला काही दिसलं नाही. एका पेशंटच्या बऱ्याच स्लाइस असतात म्हणून तेवीस पेशंट सुटले असा अर्थ काढू नका, पण "काही नाही" असा रिपोर्ट आला की निर्धास्त व्हायचं नाही एवढं नक्की.

मग कोणी काय करावं? किडनी ठीक असेल आणि पहिल्यांदाच एमआरआय होत असेल तर डाय घ्या, उगाच भीती बाळगू नका. ज्या डायमुळे 2006 पासून कातडी आवळून कडक होणाऱ्या त्या आजाराची (नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस) चर्चा सुरू झाली त्या मुख्यतः लिनियर प्रकारच्या (गॅडोलिनियमला सैल धरणाऱ्या), 2017 मध्ये युरोपात त्यातल्या बहुतेक शिरेतून द्यायच्या बंद केल्या. आता वापरतात त्या मॅक्रोसायक्लिक (गॅडोलिनियमला घट्ट धरून ठेवणाऱ्या), गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट वगैरे, त्यांचा हा धोका अतिशय कमी आहे. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली किंवा डायलिसिस चालू असेल तर कार्डियोलॉजिस्ट आणि नेफ्रोलॉजिस्ट दोघांना बोलू द्या, गरज मोठी असेल तर मॅक्रोसायक्लिक देतातही, नाहीतर सिने आणि टी1 मॅपवरही पुष्कळ कळतं. आणि ज्या तरुण पोरांना कार्डियोमायोपॅथी आहे, ज्यांना दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा स्कॅनला यायचंय, त्यांच्यासाठी हे एआय खरोखर मोलाचं ठरेल असं मला मनापासून वाटतं, पहिला स्कॅन डायचा हाताशी असेल तर पुढचे त्याच्याशी ताडून बघता येतील.

एक अडचण सांगायलाच हवी, टी1 चे आकडे मशीन बदललं, फील्ड (चुंबकाची ताकद) बदललं की बदलतात. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं नेटवर्क दुसऱ्या मशीनवर तसंच चालेल हे धरून चालू नका. आणि वरचे अभ्यास दोन आजारांपुरते आहेत, मायोकार्डायटिसला (हार्टच्या स्नायूची सूज) तेच आकडे लावू नका.

मावशींचं काय केलं? आमच्या मशीनवर हे सॉफ्टवेअर नाहीच, मुलाला तसं स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सिने आणि टी1 करा, मग बघू. सिनेमध्ये खालची भिंत पातळ झालेली आणि जागची हलत नव्हती, टी1 मॅपवर नेमक्या त्याच जागी रंग वेगळा. डॉक्टरांना तेवढं पुरलं, इंजेक्शनची ट्रे तशीच परत ठेवली.