लिफ्ट केलेली जिप्सी थरथरतेय: शिम लावायची, ट्रान्सफर केस उतरवायचा की डबल जॉइंटचा शाफ्ट?

जिप्सी उचलली, मोठे टायर टाकले, ट्रेलला मस्त चालते, पण हायवेला साठ-सत्तरच्या पुढे गेलं की सीटखालून गुणगुण सुरू होते आणि ट्रान्सफरचा लिव्हर नाचायला लागतो. मग कोणी म्हणतं शिम (स्प्रिंगचा पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये बसणारी पाचर) टाक, कोणी म्हणतं ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) खाली घे, आणि यूट्यूब बघून आलेला एकजण हमखास सांगतो की स्लिप योक एलिमिनेटर (शाफ्टचं सरकतं टोक काढून टाकणारं किट) मागव. हा शेवटचा सल्ला आधीच बाजूला काढतो. तो जीप रँग्लर टीजेवाल्यांसाठी आहे, १९९७ ते २००६ ची गाडी, तिच्यात ट्रान्सफर केस गिअरबॉक्सलाच जोडलेला आणि बहुतेक मॉडेलमध्ये मागच्या शाफ्टचं (केसपासून अॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचं) टोक त्या केसच्या शेपटीत आत-बाहेर सरकतं. जिप्सीत केस वेगळा टांगलेला आहे, गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक छोटा शाफ्ट, आणि सरकणारी स्प्लाइन (एकात एक बसणारे दाते) शाफ्टमध्येच. म्हणजे एलिमिनेट करायला काही नाहीच.

उरले तीन पर्याय: शिम, ट्रान्सफर केस उतरवणं आणि डबल जॉइंटचा शाफ्ट. पण त्याआधी फुकटातलं बघून घ्या, कारण निम्म्या वेळा तिथेच सुटतं. लिफ्ट करताना मेकॅनिकने शाफ्ट काढून दोन तुकडे वेगळे केले आणि परत घालताना स्प्लाइन एक-दोन दात चुकली तर दोन्ही टोकांचे योक (सांधा धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत राहत नाहीत, आणि मग अँगल कितीही परफेक्ट असला तरी गाडी थरथरणारच. खाली वाका, शाफ्टकडे बाजूने बघा, दोन्ही योकचे कान एका पातळीत दिसले पाहिजेत. तसंच लिफ्टमुळे शाफ्ट लांबतो, स्प्लाइन आत थोडीशीच उरली असेल तर ती खुळखुळते, तिथे फ्लँजला (शाफ्ट जिथे बोल्ट होतो ती चकती) स्पेसर हा सरळ उपाय. आणि ट्रान्सफर केसचे रबरी माउंट फाटलेत का तेही बघा.

कुठला शाफ्ट बोंबलतोय हे जागेवर उभ्या उभ्याही अर्धं कळतं. सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, ट्रान्सफर न्यूट्रलला (गिअर गाडी धरून ठेवत नाही, म्हणून दगड हवेतच, आणि खाली कोणी झोपलेलं नको), मग गिअरबॉक्स चौथ्यात टाकून क्लच सोडा आणि रेस द्या. आता फक्त मधला छोटा शाफ्ट फिरतोय. इथेच थरथर आली तर मागच्या अॅक्सलवर पैसे घालवू नका. जिप्सीच्या ट्रान्सफर केसला हाय रेंजमध्येसुद्धा साधारण १.४ चं रिडक्शन आहे, म्हणजे हा छोटा शाफ्ट मागच्यापेक्षा चाळीस टक्के जोरात फिरतो, त्यामुळे त्याचा आवाज बारीक आणि चिडका. टायरची थरथर उलट, जाड आणि सावकाश, कारण चाकाच्या एका फेऱ्यात मागचा शाफ्ट जवळपास चार फेरे मारतो. पुढचा शाफ्ट टू-व्हीलमध्ये हब फ्री (पुढची चाकं अॅक्सलच्या दांड्यांपासून सुटलेली) असले की फिरतच नाही, त्याला उगाच दोष देऊ नका.

आता शिम. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उलटी बसवली जाणारी वस्तू. साध्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (वाकू शकणारा सांधा) असतो, आणि वाकलेला क्रॉस दर फेऱ्यात दोनदा शाफ्टचा वेग वर-खाली करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच अँगलला असला तर तो हे निस्तरतो. म्हणून नियम असा की ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा (अॅक्सलमधल्या, शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरचा) फ्लँज एकमेकांना समांतर पाहिजेत, पिनियन एखादी डिग्री खाली चालेल, कारण लोड आला की ते स्वतःच वर उचललं जातं. जास्त कमानीच्या पाट्यांनी केलेल्या लिफ्टमध्ये हे समांतरपण बहुतेक टिकतं. बिघडतं ते लांब शॅकलने (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी). शॅकल २ इंच लांब घेतलं तर गाडी जेमतेम १ इंच उचलते, आणि मागचं शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असल्याने पाटा तिरका होऊन पिनियन वर बघायला लागतं, पाटा मीटरभर लांब धरला तर साधारण ३ डिग्री. म्हणजे इथे शिमने पिनियन परत खाली आणायचं. लोक नेमकं उलटं करतात, पिनियन आणखी वर करून केसकडे रोखतात, कारण डोळ्यांना ते सरळ दिसतं.

दिशा नीट बघून घ्या. जिप्सीत मुळात पाटा अॅक्सलच्या खाली असतो, तेव्हा शिमची जाड बाजू मागे ठेवली की पिनियन खाली जातं. पाटे अॅक्सलच्या वर घेतले असतील तर हेच उलटं. शिम स्टीलचीच घ्या, अॅल्युमिनियमची दबते, सेंटर बोल्ट लांब लागेल, यू-बोल्ट शेपाचशे किलोमीटरनंतर परत आवळा. अँगल मोजायला मोबाईलचं अॅप चालतं, फक्त गाडी स्वतःच्या चाकांवर उभी पाहिजे, लिफ्टवर अॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप कचऱ्यात टाका.

ट्रान्सफर केस उतरवणं थारवाल्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, जिप्सीत मात्र मला ते पटत नाही. हिशोब करून बघा. मागचा शाफ्ट समजा ३० इंच, मधला छोटा समजा १२ इंच. केस १ इंच खाली घेतला तर मागच्या शाफ्टचे सुमारे २ डिग्री वाचतात आणि मधल्याचे जवळपास ५ डिग्री वाढतात, तोही जास्त जोरात फिरणारा शाफ्ट. वर पोटाखालचा इंचभर क्लिअरन्स गेला, ज्यासाठी लिफ्टचे पैसे मोजले होते. ज्या गाडीत केस गिअरबॉक्सलाच बोल्ट केलेला असतो तिथे मधला शाफ्टच नसतो, तिथे हा तात्पुरता उपाय म्हणून ठीक आहे.

डबल जॉइंटचा शाफ्ट म्हणजे केसच्या बाजूला दोन क्रॉस पाठोपाठ आणि मध्ये सेंटरिंग बॉल. ती जोडी आपला अँगल आपणच निस्तरते, मग पिनियन केसकडे रोखावं लागतं, पुन्हा डिग्री-दोन डिग्री खाली. म्हणजे वर जे करू नका म्हटलं तेच इथे करायचं, म्हणून नुसता शाफ्ट आणून जुन्या अँगलला लावला तर थरथर वाढलेली दिसेल. खर्च सगळ्यात जास्त, शाफ्ट बनवून बॅलन्स करून घ्यावा लागतो, बॉलला ग्रीस लागतं आणि चिखल-पाण्यात तोच आधी जातो. पिनियन वर उचलल्याने त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं, तेव्हा डिफरन्शियलला थोडं जास्त भरा. स्प्रिंग-ओव्हर (पाटे अॅक्सलच्या वर घेऊन) करून चार-पाच इंच उचलली असेल तर मात्र दुसरा मार्ग नाही असंच समजा, आणि पाट्याच्या बैठका वेल्ड करतानाच हा अँगल पकडून घ्या, शिमा रचत बसू नका.

म्हणून माझं मत: दोन इंचांपर्यंत फेज (योक एका रेषेत), माउंट आणि गरज असली तरच स्टीलची शिम. तीनच्या आसपास असाल आणि रोज ऑफिसला हायवेने जात असाल तर लिफ्ट इंचभर कमी करण्याचा विचार करा, तो पर्याय कोणी सुचवत नाही कारण त्यात विकायला काही नसतं. पुढच्या अॅक्सलला शिम लावताना दोनदा विचार करा, तिथे पिनियन वर केलं की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ धरून ठेवणारा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग हायवेला भरकटायला लागतं. फोर-व्हील हाय मध्ये ऐंशीने कोण पळवतंय, पुढच्या शाफ्टची थोडी गुणगुण राहिली तर राहू द्या.