‘द अ‍ॅझटेक्स’: इतिहासाच्या बाईंची कसोटी

‘डॉक्टर हू’ म्हटलं की परग्रहवासी आणि यंत्रमानव आठवतात. पण बीबीसीने १९६३ साली ही मालिका सुरू केली, तेव्हा मुलांना चार गोष्टी शिकायलाही मिळाव्यात म्हणून काळात प्रवास करणाऱ्या डॉक्टरसोबत एक विज्ञानाचे सर आणि एक इतिहासाच्या बाई मुद्दाम दिल्या होत्या. त्या बाई म्हणजे बार्बरा राइट. मी शाळेत इतिहास शिकवते, आणि १९६४ मधलं ‘द अ‍ॅझटेक्स’ हे चार भागांचं कथानक मला अख्ख्या मालिकेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मंडळी मेक्सिकोत, एका थडग्यात उतरतात. तिथलं कंकण बार्बरा हातात घालते आणि बाहेरचे लोक तिला येटाक्सा या पुरोहिताचा अवतार मानतात. अ‍ॅझटेक हा तिच्या अभ्यासाचाच विषय. नरबळी थांबवला, तर पुढे स्पॅनिश आक्रमक कोर्तेस आला तरी ही संस्कृती वाचेल, असं तिला मनापासून वाटतं. डॉक्टर बजावतो की इतिहासातली एक ओळही बदलता येणार नाही, पण ती ऐकत नाही. पावसासाठीचा बळी ती येटाक्साच्या अधिकाराने अडवते. तर ज्याला वाचवलं, तोच मान हिरावला गेला म्हणून खाली उडी टाकतो. त्याच क्षणी पाऊस कोसळतो, आणि पुजारी त्लोतोक्सल म्हणतो, बघा, मृत्यूमुळेच आला! पुरावा कोणत्या बाजूने वाचला जातो, हे इतक्या थोडक्यात सांगणं मला वर्गात कधी जमलेलं नाही.

जॅकलिन हिल यांनी बार्बरा अप्रतिम केली आहे. डॉक्टर आणि कॅमेका ही अ‍ॅझटेक स्त्री यांचा कोकोचा प्रसंग फार गोड आहे. विज्ञानाच्या सरांच्या, म्हणजे इयनच्या, मारामाऱ्या मात्र कंटाळवाण्या वाटतात, आणि पडद्यावर रंगवलेली मंदिरं लगेच ओळखू येतात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लेखक जॉन लुकारोटी यांनी सगळं क्रौर्य त्लोतोक्सलच्या पदरात टाकलं आणि सगळं शहाणपण ऑटलॉक या दुसऱ्या पुजाऱ्याच्या. नरबळीमागे अख्ख्या समाजाची श्रद्धा होती, सूर्य चालत राहावा ही धास्ती होती. ती एका खलनायकात मावत नाही. सरोवरातली अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान, तिथले बाजार, यातलं काहीच दिसत नाही.

तरीही इथे कोणी परग्रहवासी येऊन माणसांच्या कृत्यांचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेत नाही. २०१८ मध्ये विनय पटेल यांनी लिहिलेल्या याच मालिकेतल्या पंजाबच्या फाळणीवरच्या भागातही हेच पथ्य पाळलं आहे: परके फक्त एकट्याने मरणाऱ्यांपाशी उभे राहतात, मारतात ती माणसंच.

आठवी-नववीच्या मुलांना जरूर दाखवा, पण चारही भाग सलग नकोत. पहिल्या भागातल्या त्या पावसापाशी थांबून मुलांना बोलू द्या.