निओकॅरिडिना की कॅरिडिना: निवडक पैदाशीसाठी कोणती श्रिम्प घ्यावी?

शोभेच्या श्रिम्पची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीची, पैदास करायची म्हटलं की नजर आधी रंगावर जाते. रेड चेरीचा लाल, ब्लू ड्रीमचा निळा, क्रिस्टल रेडचे लाल-पांढरे पट्टे. पहिल्या दोन निओकॅरिडिना गटातल्या, तिसरी कॅरिडिना गटातली. रंग मात्र सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी दोन गोष्टी बघायच्या: नळाला पाणी कसं येतं, आणि पैदाशीतली नेमकी कोणती गंमत हवी आहे. एकच रंग पिढ्यान्‌पिढ्या गडद करत न्यायचा असेल तर निओकॅरिडिना. दोन वाणांचा संकर करून, हिशेब मांडून तिसरं काही काढायचं असेल तर कॅरिडिना.

दोन्ही गट घरच्या टाकीत वाढतात, कारण दोघांच्याही अंड्यातून अळी न निघता थेट छोटी श्रिम्प बाहेर पडते. (अमानो श्रिम्पच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, म्हणून ती या तुलनेत नाही.) आकारही सारखाच, अडीच-तीन सेंटिमीटर. फरक सुरू होतो तो पाण्यापासून.

पाणी

| | निओकॅरिडिना | कॅरिडिना (क्रिस्टल, तैवान बी) |
|---|---|---|
| तापमान | २०–२६ अंश | २०–२३ अंश |
| पीएच | ६.८–७.८ | ५.५–६.५ |
| जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) | ६–१० | ४–६ |
| केएच (कार्बोनेट कठीणपणा) | २–६ | ०–१ |
| टीडीएस (विरघळलेले क्षार, पीपीएम) | १८०–२८० | १००–१५० |

निओकॅरिडिनाच्या रकान्यातले आकडे ढोबळ आहेत. टीडीएस ३०० च्या थोडं वर गेलं तरी वसाहत चालते, फक्त ते आज २००, उद्या ३०० असं उड्या मारत नसावं. नळाचं पाणी मध्यम कठीण असेल तर क्लोरीन काढून तेच वापरता येतं. खाली साधी वाळू किंवा खडी, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, थोडं जावा मॉस, एवढ्यावर काम भागतं.

कॅरिडिनाच्या रकान्यातले आकडे मात्र पाळावेच लागतात. त्यासाठी पाणी स्वतः बनवायचं. आरओचं पाणी घ्यायचं, टीडीएस १० च्या आत. त्यात फक्त जीएच वाढवणारी खनिज पावडर थोडी-थोडी घालून ढवळायचं, टीडीएस ११०–१२० ला आलं की थांबायचं. जीएच आणि केएच दोन्ही वाढवणारी पावडर निओकॅरिडिनासाठी असते. चुकून ती घेतली तर पुढचं सगळं बिघडतं. घरातलं पिण्याचं आरओ यंत्र वापरणार असाल तर आधी आत काय बसवलंय ते बघा. बऱ्याच यंत्रांत टीडीएस वाढवण्यासाठी न गाळलेलं पाणी परत मिसळलं जातं, काहींत तांब्याचं कार्ट्रिजही असतं, आणि तांबं श्रिम्पला विष आहे.

पीएच खाली धरून ठेवण्याचं काम अॅक्टिव्ह सॉइल, म्हणजे टाकीच्या तळाशी घालायची खास माती, करते. ती पाण्यातला केएच शोषून घेते, पण तिची ताकद मर्यादित असते. केएच असलेलं पाणी ओतत राहिलात तर ती काही महिन्यांत संपते. शुद्ध आरओवर साधारण वर्ष-दीड वर्ष टिकते. पीएच ६ वरून हळूहळू ७ कडे सरकू लागला की तिचे दिवस भरले. त्याच टाकीत माती बदलत बसू नका. शेजारी नवी टाकी तयार करून श्रिम्प तिकडे हलवणं जास्त सुरक्षित. म्हणजे कॅरिडिना घेताना दर वर्ष-दीड वर्षाने एक नवी टाकी लावण्याचं कामही घेतलंत असं समजा. हे खरेदीच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही.

आम्लधर्मी टाकीत आणखी एक छुपा धोका असतो. पीएच ६ च्या आसपास फिल्टरमधले जिवाणू मंद काम करतात आणि साठलेला अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. अशा टाकीत कुणी घाईत बादलीभर नळाचं पाणी ओतलं तर पीएच चढतो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि सकाळपर्यंत अर्धी वसाहत आडवी झालेली असते.

बाष्पीभवनाची भर दोन्ही टाक्यांत साध्या आरओ पाण्याने घालायची. पाणी उडून जातं, खनिजं मागे उरतात. खनिज घातलेल्या पाण्याने भर घालत राहिलं की काही आठवड्यांत १२० चं टीडीएस २०० वर जाऊन बसतं. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण पाणीही भराभर उडतं, म्हणून तेव्हा हे जास्त जपावं लागतं. खोली २८ च्या वर जात असेल आणि चिलर घ्यायचा नसेल तर कॅरिडिनाचा विचार सोडून द्या. निओकॅरिडिना तो काळ पैदास मंदावून काढते.

वेग

निओकॅरिडिनाची मादी तीनेक महिन्यांत वयात येते, एका खेपेला २०–३० अंडी धरते आणि ती २४ अंशांना तीन-चार आठवड्यांत फुटतात. वर्षात तीन पिढ्या सहज होतात. कॅरिडिनाची अंडीही साधारण तेवढ्याच दिवसांत फुटतात, पण पिल्लं वयात यायला चार-पाच महिने लागतात. त्यामुळे वर्षाला दोनच पिढ्या धरायच्या, आणि दगावणारी पिल्लंही जास्त. निवडीच्या पैदाशीत प्रगती पिढ्यांवर मोजली जाते, त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे.

निओकॅरिडिनात निवड: छाटणीचं काम

लाल, निळी, पिवळी, हिरवी या सगळ्या निओकॅरिडिना एकाच जातीच्या आहेत. दोन रंग एकत्र ठेवले की दोन-तीन पिढ्यांत टाकी मातकट, पारदर्शक पिल्लांनी भरते. ‘रंगीबेरंगी मिक्स’ हौसेला ठीक, पैदाशीला निरुपयोगी. एका टाकीत एकच रंग.

एका रंगात काम मात्र सोपं दिसतं तितकं नाही. रंग चढतो तो मुख्यतः मादीवर. नर लहान, सडपातळ आणि फिके असतात. म्हणून बहुतेक जण फक्त चांगल्या माद्या राखतात आणि नर जसे येतील तसे राहू देतात. इथेच सगळं अडतं, कारण पिल्लाचा निम्मा वारसा नराचा असतो. नरांची तुलना नरांशीच करायची आणि त्यांतले फिके तितक्याच निर्दयपणे वेगळे काढायचे. मोठ्या मादीच्या पोटाखालचा भाग खोल आणि गोलसर असतो, नराचा सरळ; त्यावरून ओळख पटते.

पारख दोन महिन्यांनंतर करा, त्याआधी रंग बसलेला नसतो. काळ्या मातीवर सगळ्याच गडद दिसतात आणि पांढऱ्या भांड्यात काढल्यावर घाबरून फिक्या पडतात. म्हणून सगळ्यांना एकाच पांढऱ्या भांड्यात, तेवढाच वेळ ठेवून बघायचं. पाय रंगले आहेत का, बाजूंना पारदर्शक खिडक्या उरल्या आहेत का, हे पाहा. लाल रंगाच्या सर्वोच्च श्रेणीत, पेंटेड फायर रेडमध्ये, कवच इतकं अपारदर्शक असतं की मादीच्या पाठीतलं अंड्यांचं ‘खोगीर’ दिसतच नाही.

छाटलेल्यांसाठी दुसरी टाकी हवीच. मात्र छाटणीच्या उत्साहात वसाहत दहा-बारावर आणू नका; पैदाशीला २५–३० तरी राहू द्या, नाहीतर वाण कमजोर होतो. नवं रक्त आणायचं तर त्याच रंगाच्या पाच-सहा श्रिम्प दुसऱ्या पैदासकाराकडून घ्या, पण पहिली पिढी वेगळ्या टाकीत काढा. बाहेरून सारखा दिसणारा निळा आतून वेगळ्या मुळाचा असू शकतो. पिल्लांत तपकिरी दिसली तर ते रक्त मुख्य टाकीत नको.

कॅरिडिनात निवड: हिशेबाचं काम

१९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या ‘बी’ (म्हणजे मधमाशी) श्रिम्पमध्ये निघालेल्या लाल पिल्लांपासून क्रिस्टल रेडचा वाण उभा केला. हा लाल रंग काळ्यापुढे अप्रभावी आहे. म्हणून लालचा वारसा दडवून बसलेल्या दोन काळ्या श्रिम्पपासून सुमारे पाव पिल्लं लाल निघतात, आणि लाल-लाल जोडीपासून सगळी लाल.

पांडा, किंग काँग, वाइन रेड, ब्लू बोल्ट ही तैवान बी मंडळीही अशीच अप्रभावी गुणांवर उभी आहेत. तैवान बी आणि क्रिस्टल यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी पिल्लं क्रिस्टलसारखीच दिसतात. त्यांना मिशलिंग म्हणतात. मिशलिंग परत तैवान बीला लावली तर सुमारे निम्मी तैवान बी मिळतात, मिशलिंग-मिशलिंग केलं तर सुमारे पाव. म्हणजे फळ दिसायला दहा-बारा महिने. पण निओकॅरिडिनाच्या संथ गडद होण्यात नसलेलं स्पष्ट गणित इथे मिळतं. ज्याला वही ठेवायला आवडते त्याने हेच घ्यावं.

संकरासाठी २० लिटरच्या वेगळ्या टाकीत एक-दोन नर आणि चार-पाच तरुण माद्या पुरतात. मादीच्या पोटाखाली आधीच अंडी असतील तर ती पूर्वीच्याच नराची धरायची. ती खेप होऊ द्या, मग नोंद सुरू करा. मिशलिंग दिसायला क्रिस्टलच, त्यामुळे एखादी शुद्ध क्रिस्टलच्या टाकीत गेली तर नुसतं बघून शोधून काढता येत नाही. जाळीसुद्धा वेगळी ठेवा.

क्रिस्टलच्या श्रेणी, सी पासून एसएसएस पर्यंत, मुख्यतः पांढऱ्याच्या प्रमाणावर आणि नक्षीवर ठरतात. पैदाशीसाठी मात्र नक्षीपेक्षा पांढऱ्याची घनता बघा. हिनोमारूचा, म्हणजे जपानी झेंड्यासारखा, लाल गोल असलेल्या जोडीची पिल्लं वेगळीच नक्षी घेऊन येऊ शकतात. दुधी, पारदर्शक पांढरा रंग मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्रास देतो.

बिघडतं कुठे

मानेमागे पांढरं कडं दिसून श्रिम्प मरते ती कात नीट न टाकता आल्याने. कारण बहुधा जीएच चुकलेला, किंवा एकदम मोठा पाणीबदल. आठवड्याला दहा टक्के पाणी, टाकीच्याच तापमानाचं आणि टीडीएसचं, हळूहळू. पिल्लं दिसून नाहीशी होत असतील तर टाकी कोवळी आहे. पिल्लं टाकीतल्या पृष्ठभागांवरच्या सूक्ष्म थरावर जगतात. नव्या टाकीत अमोनिया-नायट्राइट शून्यावर यायला चार-सहा आठवडे लागतात, कॅरिडिनासाठी त्यावर आणखी महिना थांबलेलं बरं. नव्या वनस्पतींवरच्या कीटकनाशकाने दोन्ही गट सारखेच मरतात.

‘आधी निओकॅरिडिना शिका, मग कॅरिडिनाकडे वळा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. पारख आणि छाटणीचा हात तिथे तयार होतो, पाण्याचं ज्ञान नाही. थंड खोली, स्वच्छ आरओ आणि संयम असेल तर थेट कॅरिडिनाने सुरुवात करायला हरकत नाही. मग महागड्या तैवान बीऐवजी मध्यम श्रेणीच्या क्रिस्टल घ्या. कठीण पाणी आणि उकाडा असेल तर लाल किंवा पिवळी निओकॅरिडिना घ्या, १५–२० तरुण नग. दोन्ही गटांचा आपसात संकर होत नाही म्हणून एकाच टाकीत ठेवायचा मोह होतो. तसं करू नका: पीएच ६.८ च्या तडजोडीत निओकॅरिडिना पिल्लं काढत राहते आणि कॅरिडिना नुसती जगते.