राकसकोप की रेणुकासागर : जलाशयाकाठी विसावा घेत दिवसभर चालणाऱ्यांसाठी एक तुलना

बेळगाव परिसरात एक दिवस भरपूर चालावे आणि मध्येच पाण्याकाठी निवांत टेकावे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात. पहिला शहराच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय आणि दुसरा सौंदत्ती तालुक्यात मलप्रभेवर नविलुतीर्थ येथे बांधलेल्या धरणाचा रेणुकासागर. जिल्हा एकच असला तरी मुलूख अगदी निराळे आहेत. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून रोज छापून येणाऱ्या पाणीपातळ्या ज्यांच्या वाचनात आहेत त्यांना ठाऊक असेल की, राकसकोप 2475 फुटांवर भरतो आणि रेणुकासागर 2079.50 फुटांवर. या सुमारे चारशे फुटांच्या उतारात सह्याद्रीच्या कुशीतला लाल मातीचा, भरपूर पाऊसमान असलेला प्रदेश संपतो आणि पर्जन्यछायेतले काळे रान सुरू होते.

निवड करताना बहुतेक जण एकूण किलोमीटर मोजतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा आहे की, विसाव्याची जागा दिवसाच्या कोणत्या प्रहरी येते आणि तिथून उठल्यावर किती चाल उरते. जलाशय फार लवकर आला तर बसावेसे वाटत नाही, आणि अगदी शेवटी आला तर तो विसावा न राहता केवळ मुक्कामाचे ठिकाण होतो.

या कसोटीवर राकसकोपची वाट सरस ठरते. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, सावगाव, बेळगुंदी अशी गावे घेत जाणारा हा रस्ता शहरापासून जलाशयापर्यंत साधारण सोळा किलोमीटरचा आहे. पहाटे सहाला निघून ताशी चार किलोमीटरच्या बेताने चालणारा माणूस वाटेत दोनदा थांबूनही अकराच्या सुमारास पाण्याजवळ पोहोचतो, म्हणजे ऊन कडक होण्याच्या आत दिवसाचा मोठा वाटा उरकलेला असतो. चढउतार आहेत, पण दम काढणारे नाहीत. भाताची खाचरे, काजूच्या बागा आणि नवरात्राच्या आगेमागे निघणारी रताळी यांमुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा पट्टा शेतकऱ्यांच्या लगबगीने भरलेला असतो, आणि चालणाऱ्याला एकटेपणा जाणवत नाही. जलाशयाच्या काठी झाडांची सावली मिळते. तिथे बूट-मोजे काढून पाय पूर्ण कोरडे करावेत, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खावी आणि तास-सव्वा तास स्वस्थ बसावे. त्याहून जास्त बसल्यास पोटऱ्या आखडतात आणि पुढची चाल जड जाते.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. राकसकोपचे पाणी बेळगाव शहराच्या पिण्यासाठी आहे. त्यात पोहणे, भांडी किंवा कपडे धुणे, खरकटे टाकणे हे कोणीही करू नये. ज्याला विसाव्यात डुंबण्याचीच ओढ आहे त्याने हा पर्याय निवडूच नये.

जेवणानंतर आल्या वाटेने परतण्याऐवजी महाराष्ट्राच्या हद्दीतील तुडये गावावरून शिनोळीकडे चालत गेल्यास वेंगुर्ला रस्ता लागतो आणि तिथून बेळगावला येण्यासाठी वाहन मिळते. एका दिवसात दोन राज्यांची शिवार पायाखालून जाते आणि दोन्हीकडे बोलणे एकच ऐकू येते, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगायला नको. या बाजूला गव्यांचा वावर असल्यामुळे अंधार पडण्यापूर्वी मोठ्या रस्त्यावर आलेले बरे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोनच्या आधी जलाशय सोडावा.

रेणुकासागरचा दिवस याच्या उलट घडणीचा आहे. सौंदत्ती बेळगावपासून सुमारे 80 किलोमीटरवर असल्याने सकाळच्या पहिल्या गाडीने गेले तरी चाल उन्हातच सुरू होते. खरे तर आदल्या रात्री सौंदत्तीत मुक्काम केल्याशिवाय हा बेत धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटे सौंदत्तीचा किल्ला पाहून पाच किलोमीटरवरील यल्लम्माचा, म्हणजेच रेणुकेचा, डोंगर गाठावा, तिथून उतरून जलाशयाच्या कडेकडेने नविलुतीर्थाकडे जावे, असा क्रम सोयीचा पडतो. माळ उघडा आहे, सावली विरळ आहे, आणि माणशी तीन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन निघणे धोक्याचे आहे. काठावर बसण्याची जागाही नीट पारखून घ्यावी लागते, कारण पाणी ओसरलेल्या भागात काळी माती वरून भेगाळलेली आणि कोरडी दिसली तरी आत गाळ असतो आणि पाय खोल रुततो.

इतके सोसून मिळते काय, तर राकसकोपला कधीही न मिळणारा विस्तार. डोंगरावरून खाली नजर टाकली की पाणी क्षितिजापर्यंत गेलेले दिसते, आणि नविलुतीर्थापाशी मलप्रभा ज्या डोंगरांच्या खिंडीतून वाट काढते ती जागा पाहिल्यावर धरणासाठी हीच का निवडली असेल हे आपोआप उमगते. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडील ज्या घरांत रेणुकेचे कुळाचार आहेत, त्यांच्यासाठी ही केवळ पदभ्रमंती राहत नाही. अशा वाचकाला मी तुलनेत गुंतवणार नाही, त्याने सौंदत्तीलाच जावे. फक्त निवांतपणा हवा असेल तर मार्गशीर्षापासूनच्या यात्रेच्या पौर्णिमा टाळाव्यात, कारण त्या दिवसांत डोंगरावर लाखोंची गर्दी लोटते.

हिडकलचे नाव या दोघांच्या जोडीला हमखास निघते. घटप्रभेवरील या जलाशयात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की उघडे पडते आणि ते पाहण्यासारखे आहे, पण ज्या महिन्यांत ते दिसते ते दिवसभर चालण्याचे महिने नव्हेत. तिथे गाडीनेच जावे.

तेव्हा प्रथमच लांब चालणाऱ्यांनी, मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी आणि एकाच दिवसात घरी परतू पाहणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत राकसकोप निवडावा. ज्यांना उन्हाची सवय आहे आणि ज्यांच्या हाताशी दोन दिवस आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीत रेणुकासागरला जावे. गटात वयस्कर मंडळी असतील तर त्यांना बेळगुंदीपर्यंत वाहनाने येऊ द्यावे आणि तिथून जलाशयापर्यंतचा शेवटचा टप्पा सर्वांनी मिळून चालावा. रेणुकासागरच्या वाटेवर अशी सूट घेता येत नाही, कारण एकदा माळावर उतरल्यानंतर मध्येच थांबून गाडीची वाट पाहावी अशी सावलीची जागा क्वचितच सापडते.