हार्डी परफेक्ट रीळ: एक पूर्ण मोसम वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. मासेमारीच्या काठीला लावून दोर गुंडाळायचं हे रीळ उत्तम आहे. पण नुसतं रीळ घेऊन ते हल्लीच्या कार्बनच्या काठीला लावणार असाल, तर घेऊ नका. पैसे जातील आणि जुन्या वस्तूंचं लोक उगाच कौतुक करतात असं तुमचं मत होईल. ते मत चुकीचं का आहे हे कळायला मला मार्चपासून सप्टेंबरपर्यंतचा ट्राउटचा मोसम लागला.

वस्तू अशी: हार्डी ब्रदर्स, अ‍ॅनिक, नॉर्थम्बरलंड. परफेक्ट, 3⅜ इंची, ‘ड्युप्लिकेटेड मार्क टू’. हा शिक्का 1917 पासूनच्या रिळांवर येतो. दोर ज्यातून सुटतो ती अकीक दगडाची कडी, हस्तिदंतासारखी दिसणारी मूठ आणि एकूण घडण बघता माझं रीळ दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं असावं. मी राहतो न्यूकॅसलला, तिथून अ‍ॅनिक मोटारीने तासाभरावर, आणि मासे धरायला जातो तेही जवळच्याच कॉकेट नदीवर. म्हणजे रीळ जिथे बनलं त्याच मुलुखात ते पुन्हा पाण्यावर आलं.

कंपनीची गोष्ट थोडक्यात. विल्यम हार्डीने 1872 साली अ‍ॅनिकमध्ये बंदुकांचं दुकान काढलं, लवकरच भाऊ जॉन जेम्स त्याला येऊन मिळाला आणि बंदुकांपेक्षा मासेमारीच्या सामानातच धंदा वाढला. परफेक्टची कल्पना तिसऱ्या भावाची, फॉर्स्टर हार्डीची. पेटंट 1888 चं, आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला पहिली पितळी रिळं बाजारात आली. तो काळ सायकलींचा. स्टार्लीची रोव्हर सायकल 1885 ची, डनलॉपचा हवेचा टायर 1888 चा. सायकलीच्या चाकात बेअरिंग असतात तशा पोलादी गोळ्यांचं कडं फॉर्स्टरने रिळात बसवलं. तोवरची साधी रिळं एका आसावर घासत फिरायची, आणि आस झिजला की ड्रम डुगडुगायचा. परफेक्टमध्ये भार त्या कड्यावर येतो. माझ्या रिळाचं वय शंभरीला टेकलंय, पण मधला स्क्रू काढून ड्रम बाहेर घेतला, जुनं काळं पडलेलं ग्रीस केरोसीनने धुतलं आणि तेलाचा थेंब टाकून परत बसवला, तर बाजूला हलवून बघितल्यावर जराही खेळ जाणवला नाही. माझ्याकडच्या दहा वर्षं जुन्या रिळाबद्दल मी असं म्हणू शकत नाही.

आता वापराचं.

पहिले काही आठवडे रीळ मुद्दाम कार्बनच्या नऊ फुटी काठीवर लावलं, प्लॅस्टिकची नेहमीची फ्लाय लाइन, म्हणजे आमिषाची नकली माशी फेकायचा दोर, भरून. तीन गोष्टी लगेच खटकल्या. एक म्हणजे वजन. काठी पिसासारखी आणि बुडाशी हा धातूचा गोळा, त्यामुळे मनगट दुपारपर्यंत भरून यायचं. दुसरं, प्लॅस्टिकची लाइन जाड असते, ती ड्रमवर मावताना जेमतेम मावते. गुंडाळताना जरा एका बाजूला ढीग झाला की चौकटीला घासते. तिसरं म्हणजे ब्रेक. ह्या रिळात आजच्यासारखा चकत्यांचा ड्रॅग नसतो. आत दात्यांची चकती, तिच्यावर आपटणारी त्रिकोणी खिटी आणि खिटीला दाबून धरणारी स्प्रिंग, एवढंच; ह्यालाच चेक म्हणतात. मागच्या कडेवरचा स्क्रू फिरवून स्प्रिंगचा दाब कमीजास्त करता येतो, पण फरक जेमतेम. कडक कार्बनची काठी आणि हा हलका चेक ही जोडी जमत नाही. मासा जोरात पळाला की काठी झटका पचवत नाही, रीळही पुरेसं अडवत नाही, आणि मूठ इतक्या वेगाने उलटी फिरते की बोटाच्या पेरांवर सणसणीत टोला बसतो.

मग मे महिन्यात एका ओळखीच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांची पालाकोना काठी वापरायला दिली. पालाकोना हे हार्डीच्या चिरीव बांबूच्या काठ्यांचं नाव. नऊ फूट, दोन तुकडे, जोडाला पितळी नळ्या. रंग जुन्या मधाचा. ती हातात घेतली आणि रिळाबद्दलचे माझे दोन आक्षेप, वजन आणि ब्रेक, निम्मे तिथेच गळाले.

चिरीव बांबूची काठी म्हणजे काय ते ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बांबूचं बाहेरचं चिवट साल घेऊन त्याच्या लांब त्रिकोणी पट्ट्या तासतात आणि सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी भरीव काठी करतात. पट्ट्यांची रुंदी बुडापासून शेंड्याकडे केसाकेसाने कमी होत जाते. हे तंत्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युअल फिलिपी ह्या बंदूक-कारागिराने 1840 च्या दशकात पुढे नेलं आणि हिरम लेनर्डने मेन राज्यात 1870 च्या दशकात सहापट्टी काठ्यांचं उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. त्या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जायचा, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजाने जायचा. पुढे चीनच्या दक्षिणेकडच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आपल्याकडचा बांबू तिकडे जायचा आणि साहेब तीच काठी परत हिंदुस्थानात महासीर धरायला आणायचा, ह्यातली गंमत मला फार आवडते.

तर ही काठी कार्बनपेक्षा चांगलीच जड, आणि तिचं वजन शेंड्याकडे ओढतं. बुडाशी जड रीळ लावल्यावर तोल बरोबर मुठीशी येतो. म्हणजे रिळाचं वजन हा दोष नव्हताच, तो हिशेब होता. ब्रेकचंही तसंच. बांबूची काठी मुठीपर्यंत वाकते आणि माशाचा झटका स्वतः गिळते, त्यामुळे रिळाने फक्त ड्रम मोकाट सुटू द्यायचा नाही एवढंच काम. बनवणाऱ्यांनी ते असं का ठेवलं असेल ह्याचं उत्तर दोराच्या टोकाला आहे. नायलॉन बाजारात येण्यापूर्वी माशीजवळचा शेवटचा भाग रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून केलेल्या तंतूचा असायचा, आणि त्याचं मोठं केंद्र स्पेनमधलं मुर्सिया. तंतूचे आखूड तुकडे गाठी मारून जोडायचे, वापरण्याआधी पाण्यात भिजवायचे, कारण कोरडा तंतू काडीसारखा मोडतो. अशा नाजूक टोकाला जोरदार ब्रेक लावून चालणारच नव्हतं. मऊ काठी, हलका चेक, नाजूक तंतू, सगळं एकमेकांवर बेतलेलं. मी स्वतः टोकाला नायलॉनच वापरतो. तेवढा कट्टर मी नाही.

उरला दोर. जूनमध्ये प्लॅस्टिक काढून विणलेल्या रेशमाचा दोर चढवला, जवसाच्या तेलात मुरवलेला. त्याच वजनाचा दोर, पण जाडीने बराच बारीक, त्यामुळे ड्रमवर ऐसपैस मावतो. वाऱ्यात तर कमालच. कॉकेटवर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा प्लॅस्टिकची लाइन फुग्यासारखी उडते आणि रेशीम वारा कापत जातं. पाण्यावर पडतानाही आवाज नाही. रॉथबरीच्या खालच्या बाजूला एका उथळ डोहात संध्याकाळी ट्राउट वर येऊन माश्या टिपत होते, तिथे प्लॅस्टिकच्या लाइनने ते दर वेळी बिथरायचे. रेशमाखाली ते टिपत राहिले.

पण रेशमाची चाकरी करावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो. सकाळी दोराला ग्रीस चोळायचं, नाहीतर तो बुडतो. मी म्यूसिलिन वापरतो. कितीही चोळलं तरी दोन-तीन तासांत दोर पाणी प्यायला लागतो. दोर दोन्ही टोकांना निमुळता असतो, म्हणून जुने लोक दुपारी दोर उलटा करून कोरडं टोक बाहेर काढायचे. मीही तेच करतो. घरी आल्यावर दोर रिळावरून पूर्ण सोडवून खुर्चीच्या पाठीला सैल वेटोळी करून वाळवायचा. एखादा दिवस आळस केला तर काही बिघडत नाही, पण आठवडाभर ओला गुंडाळून ठेवला की कुजायला सुरुवात. आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीवर दोर वाळत पडलेला असला की बायको विचारते, “हे लोणच्याच्या फोडींसारखं अजून किती दिवस वाळवणार आहेस?”

मालवणच्या काकांना व्हिडिओ कॉलवर रीळ दाखवलं, किंमत सांगितली. ते आयुष्यभर गरी आणि जाळं घेऊन खाडीत गेलेले. म्हणाले, “मेल्या, ह्या पैशात नवा जाळा इला असता.” खरं आहे. मग त्यांनी ते जवळ धरायला लावलं आणि ‘कुर्रर्र’ आवाज पुन्हा पुन्हा वाजवून घेतला. आवाज खरंच तसा आहे, खालच्या पट्टीतला आणि एकसारखा. घाईघाईत बनवलेल्या रिळांची कचकच त्यात नाही.

तक्रारीही आहेत. रीळ मी ऑनलाइन घेतलं, विकणाऱ्याने ‘हात न लावलेलं’ असं लिहिलं होतं. उघडल्यावर चेकची स्प्रिंग उघडच नवी निघाली आणि रिळाच्या पितळी पायाची टोकं कानशीने घासलेली. पायाचं हे घासणं फार सर्रास आढळतं, कारण जुन्या मालकांना रीळ आपल्या काठीच्या खाचेत बसवायचं असायचं. वापराला काही फरक पडत नाही, पण संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, आणि विकणाऱ्याने ते लपवायला नको होतं. निम्मे पैसे परत मागितले, थोडे मिळाले.

म्हणून कुणी घेणार असेल तर आधी ह्या जागा बघा. अकीकाची कडी भिंगाखाली धरा आणि नखाने टिचकी मारून पाहा. दगडात केसाएवढी भेग असली तरी दोर तिथे कापला जातो, आणि रेशमाचा दोर स्वस्त नसतो. मूठ तडकलेली नाही ना, आसाभोवती सैल नाही ना. ड्रम काढून चौकटीच्या आतली बाजू पाहा; तिथे बऱ्याचदा कारागिराची आद्याक्षरं ठोकलेली असतात. माझ्यातही आहेत, दोन अक्षरं, जराशी तिरकी. चौकटीवर मुळात निळसर करडा मुलामा असतो. तो विरून धातू चमकायला लागला असेल तर तसाच राहू द्या. पॉलिश करून चकाचक केलेलं रीळ पाण्यावर ऊन परतवतं आणि संग्राहकांच्या बाजारात त्याला निम्मी किंमतही येत नाही. सुरुवातीची पूर्ण पितळी परफेक्ट कुणी स्वस्तात देत असेल तर सरळ घरी जा, नकला भरपूर आहेत.

संग्रहाच्या जगाबद्दल एक बाजूची गोष्ट. इंग्लंडात रिळांना मान, अमेरिकेत लाकडी-धातूच्या नकली माशांना. ओहायोच्या रायली हॅस्केलने 1859 साली पेटंट घेतलेल्या तांब्याच्या माशाचा एक मोठा नमुना 2003 च्या लिलावात 1,01,200 डॉलरला गेला. त्या आमिषाने कुणी पुन्हा मासे धरणार नाही, हे उघड आहे. मला त्या प्रकारात रस नाही. कपाटात बसवलेलं रीळ म्हणजे माझ्या दृष्टीने पेपरवेट.

इतिहासात मात्र परफेक्ट हरलं. ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 साली एक वेगळंच रीळ आणलं, ज्यात ड्रम फिरतच नाही. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं तसा दोर सुटतो. नवख्या माणसालाही लांब फेकता येऊ लागलं. आज वेंगुर्ल्यापासून ससून डॉकपर्यंत कुठल्याही धक्क्यावर तंगूस भरलेलं जे रीळ दिसतं, ते त्याचंच वंशज.

भारतात हे रीळ वापरता येईल का, असं दोघा-तिघांनी विचारलं. हार्डीच्या जुन्या कॅटलॉगांत महासीरसाठी खास काठ्या आणि धातूचे चमचे असायचे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या महासीरसाठी साहेब लोक ह्याच कंपनीचं सायलेक्स पसंत करायचे, फेकताना ड्रम मोकळा सोडणारं, किंवा परफेक्टचेच मोठे आकार. कर्नाटकातल्या काबिनी नदीवर 1946 साली व्हॅन इंगन ह्यांनी धरलेला महासीर 120 पौंडांचा होता. 3⅜ इंची रिळाचं ते काम नव्हे. आपल्या खडशीचं, म्हणजे दख्खनकडच्या महासीरचं, शास्त्रीय वर्णन तर साइक्स ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशावरून केलं होतं, आज त्या पाण्यात काय आहे ते सांगायला नको. परवाना, बंदीचा काळ, संरक्षित क्षेत्र, हे सगळं आधी तपासा, आणि धरलेला मासा सोडा. धातूचं रीळ आपल्या हवेत टिकेल. बांबू आणि रेशीम मात्र कोकणातल्या पावसाळ्यात सांभाळणं कठीण आहे, आणि उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवलेल्या जुन्या काठीचा सरस सुटतो.

पालाकोना मी ऑक्टोबरमध्ये त्या गृहस्थांना परत केली आणि स्वतःसाठी शोधतोय. तुम्ही सुरुवात करणार असाल तर माझ्या उलट क्रमाने करा: आधी चांगल्या अवस्थेतली बांबूची काठी, सरळ आणि शेंड्याला बाक न आलेली, मग तिला झेपेल त्या वजनाचा रेशमी दोर, आणि त्या दोघांना तोलून बसेल ते रीळ सगळ्यात शेवटी. परफेक्टच पाहिजे असंही नाही.