हॉल की पाखाडी? दोन वस्त्यांच्या मधल्या जागेत काय बांधावं

वर आळी, खाली खाडीला लागून मोहल्ला, मध्ये नगरपालिकेची पडीक जागा, आणि निधी आलाय. कोकणात असं कुठेही झालं की उत्तर ठरलेलं, बहुउद्देशीय हॉल. दुसरा पर्याय पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्यांची वाट.

हॉलचा फायदा आहेच. पावसाचे चार महिने छप्पर लागतंच, लग्न, बारसं, आधार कॅम्प सगळं होतं. पण हॉलला कुलूप असतं आणि चावी कुणाकडे तरी असते. आमच्याकडे चावी ज्या बाजूला गेली हॉल त्यांचाच झाला, दुसरे बुकिंग विचारायलाही जात नाहीत, उगाच कशाला म्हणून. फार तर अभ्यासिका करा, परीक्षेच्या तयारीला दोन्हीकडची पोरं येतात.

कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये २००४ला डोंगरावरच्या गरीब वस्तीपर्यंत केबल कार नेली, २००७ला तिथेच काळ्या दगडाची मोठी लायब्ररी बांधली, जगभर फोटो आले. पुढे बाहेरच्या भिंतींचं काम सदोष निघालं आणि लायब्ररी कित्येक वर्षं बंद राहिली. केबल कार मात्र चालू, कारण कामाला जायला रोज लागते.

आता पाखाडी, म्हणजे वरच्या एसटी स्टॉपपासून खालच्या जेटीपर्यंत जांभ्याची रुंद वाट. उत्तर आयर्लंडच्या डेरीत २०११ला पीस ब्रिज झाला, नदीच्या एका काठाला कॅथलिक जास्त, दुसऱ्या काठाला प्रोटेस्टंट, आणि पूल फक्त चालणाऱ्यांना नि सायकलींना. त्याचं एक टोक ब्रिटिश लष्कराच्या जुन्या बराकीपाशी उतरतं, ते मैदानही नंतर लोकांना खुलं केलं, म्हणजे पलीकडे जायला काहीतरी कारण झालं. (तिथल्याच बेलफास्ट शहरात १९६९पासून याच दोघांच्या वस्त्यांच्या मध्ये भिंती उभ्या राहिल्या, बऱ्याच अजून आहेत, तेही बांधकामच.)

पाखाडीला त्रासही आहे, पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, दरवर्षी घासावं लागतं, आणि दिवे नसले तर रात्री बाटल्या पडतात. पायऱ्या उथळ हव्यात, डोक्यावर मच्छीची टोपली घेतलेल्या बाईला उंच पायरी चढवत नाही, एका कडेने उतार ठेवा म्हणजे म्हाताऱ्यांना बरं. मध्यावर कौलारू पडवी, बाक, नळ, दार नाही.

माझं मत पाखाडीला, हॉल हवाच असेल तर पडवीच्या मागे छोटी खोली काढा नि तिचं तोंड पाखाडीकडे ठेवा, आळीकडे नको नि मोहल्ल्याकडेही नको. आणि नकाशा पास करायच्या आधी मच्छीवाल्या बायकांना विचारा, टोपली कुठे टेकवणार ते.